बोहारणीला न दिलेलं गाठोडं

आमच्या सोसायटीत महिना दोन महिन्यांनी बोहारीण येते. हो, डोंबिवलीत अजून येते. वॉचमन गेटवर अडवतो, ती त्याच्याशी दहा मिनिटं हुज्जत घालते आणि मग डोक्यावर भांड्यांची पाटी नि काखेत गाठोडं घेऊन वर येतेच. मागच्या दिवाळीआधी माळा साफ करताना एक बोचकं निघालं, कराडहून माहेरून आणलेलं, त्यात आजीची पाच-सहा इरकली लुगडी, आईच्या चार कॉटनच्या साड्या, आजोबांची दोन धोतरं असा सगळा ऐवज. नवरा म्हणाला पाच वर्षं उघडलं पण नाहीयेस, देऊन टाक. मलाही वाटलं बरोबर आहे, निदान एखादं जाड बुडाचं पातेलं तरी येईल घरात.

तर बाईंनी सगळं दारात पसरलं, एकेक लुगडं दोन्ही हातांनी ताणून जिन्याच्या खिडकीकडे, उजेडाकडे धरून बघितलं, आणि म्हणाली, "ताई, विरलीत समदी. सगळ्याला मिळून ह्यो टोप घ्या." ह्यो टोप म्हणजे तीन कप चहाचा. माझ्या आजीची अख्खी लुगडी आणि तीन कपांचा टोप! डोकंच फिरलं माझं. गुंडाळलं सगळं आणि परत आत नेलं. ती आपली शांतपणे पाटी उचलत म्हणते, "मग ठिवून काय करनार त्याचं?" मी रागातच म्हटलं, शिवणार.

आता एकदा तोंडातून गेलं म्हटल्यावर आली का पंचाईत. शाळेत शिवणाच्या तासाला रुमालाला हेम घातली होती आणि एक परकर शिवला होता जो आईने उसवून परत शिवला, एवढंच माझं शिवणातलं ज्ञान. पण गेल्या वर्षभरात त्या बोचक्यातून आणि घरातल्याच इतर जुन्या कपड्यांतून बऱ्याच वस्तू झाल्या, काही बिघडल्या, काही इतक्या बऱ्या झाल्या की लोकांनी मागून नेल्या. म्हणून लिहायला घेतलंय. ज्यांना शिवणाचा गंध नाही पण मनात आहे अशांसाठी मुख्यतः, ज्यांना ब्लाऊज शिवता येतो त्यांनी हसायला वाचा.

पहिली गोष्ट मी बोहारणीकडूनच शिकले, ती म्हणजे कापड उजेडाकडे धरून बघायचं. जुनी साडी सगळीकडे सारखी जुनी नसते. बसायच्या जागी आणि पायाशी ती विरते, लुगड्याचा काष्टा जिथे घासतो तिथे तर जाळीच झालेली असते, पण पदर आणि आत खोचायचं टोक बघा, नव्यासारखं असतं. आजीचं नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, इंचात सांगायचं तर ३२४ इंच, त्यातलं शंभर इंच गेलं तरी केवढं उरतं. मी खडूने विरलेल्या भागाभोवती गोल केले आणि मग आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली कात्री ठेव बाजूला, टरकाव. सुती कापडाला कडेला अर्धा इंच चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी फाडायचं, टर्रर्र करत सरळ रेषेत फाटत जातं, पट्टी नको की खडू नको. कात्रीने माझी रेघ नेहमी डोंबिवलीहून निघून कल्याणला पोचते, त्यामुळे हे मला फारच आवडलं. आणि तो आवाज! राग आला असेल तर अजूनच छान.

तुम्ही म्हणाल नवीन कापड का नाही, स्वस्त तर मिळतं. मिळतं ना. पण नवीन कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज जातात, रंग सोडतं, कांजीने कडक असतं. जुनी साडी हे सगळं आपापल्या आयुष्यात करून मोकळी झालेली असते. पन्नास वेळा धुतलेलं कापड आता काही नवीन नाटकं करत नाही. नवशिक्यासाठी याच्याइतकं सोपं काही नाही, शिवाय बिघडलं तर जीव जळत नाही. ते रीलवाले दाखवतात ना, आधी कटिंग मॅट आणा, फिरतं कटर आणा, रंगीत क्लिपा आणा, चार हजार रुपये तिथेच गेले आणि शिवलं काय तर मोबाईलचं कव्हर. मला विचाराल तर एक चांगली धारदार कात्री लागते जिने घरातलं कोणीही दुधाची पिशवी कापणार नाही अशी शपथ घ्यायला लावायची, मेजरिंग टेप, टाचण्या, खडू, पांढरं नि काळं रीळ. झालं.

मशीन आमच्याकडे होतं. सासूबाईंचं काळं पायमशीन, ज्यावर आम्ही अकरा वर्षं टीव्ही ठेवला होता. तेल घातलं, पट्टा नवा लावला, बसले. वरून टीप सुंदर आणि उलटं करून बघते तर खाली दोऱ्याचा नुसता झुपका, मॅगीसारखा. मी बॉबिन काढलं, घातलं, स्क्रू फिरवला, परत तेच. शेवटी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने दोन मिनिटं बघून सांगितलं शटल गेलंय, साडेआठशे होतील. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या इतका वेळ, त्या उठल्या, म्हणाल्या, "अगं दाबपट्टी खाली ठेवून ओवतेस होय दोरा? वर कर आधी ती." दाबपट्टी म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरते ती. ती वर असताना टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या उघड्या असतात, तेव्हाच दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. खाली असताना ओवला की तो वरवर राहतो, त्याला ताणच मिळत नाही, आणि सगळा पसारा खाली जाऊन पडतो. म्हणजे झुपका खाली दिसत असला तरी चूक वर असते! साडेआठशे वाचले. दुरुस्तीवाला चहा पिऊन गेला. आणि अजून एक, पायमशीनचं चाक सुरू करताना आपल्या बाजूला फिरवायचं, उलटं गेलं की दोरा तुटलाच. मला हे अंगवळणी पडायला आठवडा लागला, सासूबाईंनी तेवढ्यात तीनदा "आमच्या वेळी" म्हणून घेतलं.

सुरुवात अभ्र्यांनी करा. खरंच. घरातल्या निम्म्या वस्तू म्हणजे चौकोन असतात आणि अभ्रा हा चौकोनातला सगळ्यात गरीब प्राणी. आपल्याकडची उशी साधारण १७ बाय २७ इंचाची. १८ इंच रुंद आणि ६२ इंच लांब अशी पट्टी टरकावायची, दोन्ही अरुंद टोकं दुमडून टीप मारायची, मग सुलट बाजू आत ठेवून पट्टीची घडी अशी घालायची की ती २७ इंचाची होईल आणि वरचं सहा इंचाचं टोक लिफाफ्याच्या झाकणासारखं त्याच्यावर दुमडलं जाईल. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंचावर टिपा, उलटवा, संपलं. चेन नाही, बटण नाही, नाडी नाही, उशी त्या झाकणाखाली सरकवायची. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, म्हणजे रुंदीत दोन बसतात, आणि साडेपाच मीटर लांबीत तीन, आईच्या एका साडीतून मी सहा अभ्रे काढले आणि कडेची जी लांब पट्टी उरली तिच्या नाड्या केल्या. शिवाय साडीचा फॉल उसवून ठेवायला विसरू नका, ती फुकटात मिळालेली छान सरळ सुती पट्टी असते, पायपिंगला वगैरे एकदम उपयोगी. पहिला अभ्रा करताना मी दोन्ही बाजूंच्या टिपा मारून उशी घालायला गेले तर झाकण बाहेरच्या बाजूला उलटं, सगळा उसवला. उसवणं हा पण शिवणकामाचाच भाग आहे असं सासूबाई म्हणतात. माझ्या बाबतीत तो निम्मा भाग आहे.

आणि मग धाकट्या जावेची गोड बातमी आली.

आता खरं तर बाळंतविडा तिच्या माहेरून येतो, पण तिची आई आजारी असते, तर मीच म्हटलं काहीतरी करते. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत, जुनंच मऊ कापड. लहानपणी मला वाटायचं काय हे, बिचाऱ्याला जुने कपडे. आता आजोबांचं धोतर हातात घेतल्यावर कळलं, असं कापड दुकानात विकत मिळतच नाही. इतकं मऊ की हातातून निसटतं. दोन धोतरांतून आठ झबली, चार टोपडी आणि लंगोटांचा ढीग झाला. झबल्याला बटणं लावू नका हं, नाड्याच लावा, आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली तरी चालते, बाळाच्या अंगाला आतून काही टोचत नाही. दिसायला उलटं घातल्यासारखं दिसतं, बाळाला काय फरक पडतो.

कुंची मात्र मला फार आवडते आणि ती कोणी शिवत नाही हल्ली, सगळे ते हुडीवाले ब्लँकेट घेतात ऑनलाईन. कुंची म्हणजे टोपडं आणि पांघरूण एकातच. आणि सोपी किती! ४० इंच रुंद, २० इंच उंच असा तुकडा घ्यायचा, काठ असेल तर तो खालच्या बाजूला येईल असा. मधोमध घडी घालून २० बाय २० करायचा, फक्त वरची बाजू शिवायची. बस, घडीची बाजू पाठीमागे, शिवलेलं टोक डोक्यावर, समोरून उघडं. मानेच्या जागी मागे तीन-चार चुण्या घालून त्यावर टीप, आणि हनुवटीखाली दोन नाड्या. मी आजीच्या हिरव्या लुगड्याची केली, आतून धोतराचं अस्तर. आणि इथेच माती खाल्ली. लुगड्याचा स्वतःचा काठ एका जागी फाटला होता म्हणून मी हौसेने नवीन जरीचा काठ आणून लावला, मस्त दिसत होतं, फोटोबिटो काढले, बाळाचं म्हणून एकदा धुऊन इस्त्री करू म्हटलं, आणि वाळल्यावर बघते तर खालची कड सगळी गोळा झालेली, झालर लावल्यासारखी. जुनं कापड आटायचं ते कधीच आटून बसलेलं, नवा काठ आता आटला, आणि त्याने जुन्यालाही आपल्याबरोबर ओढलं. सगळा काठ उसवला, रात्रभर साध्या पाण्यात भिजवला, वाळवून इस्त्री केली, मग परत लावला. तेव्हापासून नवीन जे काही जुन्याला लावायचं, लेस म्हणू नका, काठ म्हणू नका, अगदी नाडी असली तरी आधी अंघोळ.

पण सगळ्यात वेळ गेला तो वाकळीत. तुम्ही गोधडी म्हणता, कराडकडे आम्ही वाकळ म्हणतो. आईने स्पष्ट सांगितलं होतं की बाळाची वाकळ मशीनवर घालायची नाही, मशीनची टीप कडक होते, हातानेच धावदोरा घाल. माप ३६ बाय ४० इंच. वर आजीचं अंजिरी लुगडं, खाली धोतर, मध्ये आईच्या साडीचे दोन थर. विरलेले भाग सगळे आत, चांगले वर. मी हॉलमधली टेबल-खुर्ची सरकवून जमिनीवर एकावर एक थर पसरले, चारी कोपऱ्यांना वजनं ठेवली, वरवंटा, नवऱ्याचं डंबेल, दोन जाड पुस्तकं, आणि सुई घेऊन कडेपासून सुरू झाले. चार दिवसांनी निम्म्यात आल्यावर मध्ये हा एवढा फुगा. कडेने कडेने टाके घालत आत आलं की वरचं कापड थोडं थोडं पुढे सरकत राहतं आणि जास्तीचं सगळं मध्यावर येऊन साचतं. आईला कॅमेऱ्यात दाखवलं तर ती हसायलाच लागली. "मधून कच्चं घातलंस का? नाही ना? मग?"

तर ते कच्चं म्हणजे असं. पांढऱ्या दोऱ्याने हातभर लांब लांब टाके, मध्यापासून चारी कोपऱ्यांकडे, मग मध्यापासून चारी बाजूंकडे, प्रत्येक वेळी तळहाताने कापड बाहेरच्या बाजूला सारत जायचं, कणीक लाटल्यासारखं. हे टाके नंतर काढून टाकायचे असतात म्हणून मला वाटलं होतं कशाला वेळ घालवा. सगळं उसवून परत केलं. एकदा हे कच्चं घातलं की मग कडेपासून सुरू करून गोल गोल चौकटीत आत आलात तरी काही सरकत नाही. दोरा कोपरापर्यंतच घ्यायचा, लांब घेतला की गाठी होतात, आणि मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यायचा म्हणजे कापडातून सुळकन जातो. गाठ थरांच्या आत लपवायची, सुई दोन थरांमधून घालून जराशी ओढली की गाठ टप्प करून आत जाते. तो टप्प आवाज यायला लागला की समजायचं जमलं.

दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलं होतं. एकदा रात्री टाके घालता घालता हिशोब केला, ३६ गुणिले ४०, म्हणजे १४४० इंच धावदोरा, छत्तीस-सदतीस मीटर! इंचाला चार-पाच टाके धरले तर सहा हजारांच्या वर. बरं झालं हा हिशोब आधी केला नव्हता. रोज रात्री जेवणं झाल्यावर तासभर, असे सात आठवडे गेले. सासूबाई एक कडा धरून बसायच्या, त्यांना आता बारीक दिसत नाही म्हणून त्यांचे टाके मोठे मोठे आणि तिरके, कोणत्या कडेला त्या बसल्या होत्या ते कोणालाही वाकळ बघून कळेल. मी ते उसवले नाहीत. जाऊ म्हणाली ही बाजू बाळाच्या डोक्याकडे ठेवू. (सासूबाईंनी ऐकलं आणि तोंड फिरवून म्हणाल्या, पायाकडे ठेवा, टाके कोणाला दाखवायचेत का.)

अंजिरी आणि पांढऱ्यावर कुठला दोरा घालायचा यावर घरात तीन दिवस चर्चा झाली तेही सांगायला हवं. मी म्हणत होते पिवळा, नवरा म्हणत होता पांढरा, त्याचं मत कोणी विचारलं नव्हतं. पिवळा घातला.

पिशव्यांचं थोडक्यात सांगते कारण त्या सगळेच शिवतात. २०१८ ला आपल्याकडे प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा घराघरात कापडी पिशव्या झाल्या आणि निम्म्यांचे बंद दोन किलो कांद्यात तुटले. बंद नुसते कडेला टीप मारून लावले की तुटणारच. बंदाची चार इंची पट्टी दोन्ही कडा मध्यावर आणून, परत दुमडून एक इंची करायची, म्हणजे चार थर झाले, आणि ती पिशवीच्या तोंडापासून दीड इंच खालपर्यंत नेऊन चौकोनात टीप मारायची, चौकोनाच्या आत फुली. ती फुली महत्त्वाची, ओझं सगळ्या बाजूंना वाटलं जातं. कडा आतून निघू नयेत म्हणून मी दोनदा शिवते, आधी उलट बाजू आत ठेवून पाव इंचावर टीप, मग उलटवून परत पाव इंचापेक्षा जराशी जास्त जागा घेऊन टीप, सगळे धागे त्या दोन शिवणींच्या मध्ये अडकतात, इंटरलॉकवाल्याकडे जायची गरज नाही. नवऱ्याच्या जुन्या जीन्सच्या पायातून तर अर्धी पिशवी तयारच मिळते, फक्त मशीनला १६ नंबरची सुई लावा, १४ ची माझी कटकन तुटून उडाली आणि चष्म्यावर आपटली. चष्मा होता म्हणून.

जीन्सचे उरलेले तुकडे गरम भांडी उतरवायच्या फडक्यांना. दोन थर जीन्स, मध्ये जुना टॉवेल. मध्ये चुकूनही पॉलिस्टर घालू नका, गरम कढईला ते वितळतं आणि चटका बसतो तो वेगळा. सुतीच.

संक्रांतीला मला जरा जास्तच शिंगं फुटली होती. हळदीकुंकवाला वाण म्हणून दरवर्षी प्लास्टिकचे डबे लुटायचा कंटाळा आला होता म्हणून ३१ खणाचे बटवे शिवले. खण गुळेदगुड्डचा, तिकडे इरकलच्या जवळचंच गाव ते, दोन्ही कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, आजीची लुगडी आणि हा खण म्हणजे शेजारीशेजारीच जन्मलेले. दिसायला काय सुंदर, पण खण कापला की कडा धाग्याधाग्याने निघतात, हातात घेऊन दोन मिनिटं बोललात तर अर्धा इंच गेलेला असतो, त्यामुळे कापल्या कापल्या कडेला टीप मारून टाकायची. आत पांढरं अस्तर लावलं. आणि तिथेच घात झाला. एका काकूंनी बटव्यात ओला रुमाल ठेवला आणि लाल खणाचा रंग अस्तराला, अस्तराचा रुमालाला, रुमालाचा त्यांच्या पर्समधल्या पासबुकाला. काकूंनी ग्रुपवर फोटो टाकला, सोबत हात जोडलेली इमोजी. लोकांनी सांगितलं की मिठाच्या पाण्यात भिजवायचं ना आधी. मी नंतर उरलेला तुकडा रात्रभर मिठात भिजवून बघितला, तितकाच रंग सोडत होता, त्यामुळे माझा काही त्या मिठावर विश्वास नाही. त्यापेक्षा पांढरं ओलं फडकं घेऊन नव्या कापडावर घासून बघायचं, रंग आला की त्याला पांढऱ्याशेजारी बसवायचंच नाही, गडद अस्तर लावायचं. पासबुकाबद्दल मी माफी मागितली आहे, काकूंना पुढच्या वर्षी दोन बटवे.

या सगळ्यात आमच्या चिरंजीवांना, वय वर्षं नऊ, बटण लावायला शिकवलं. शाळेच्या शर्टाचं बटण तुटलं होतं आणि मी वाकळ घेऊन बसले होते, म्हटलं तूच लाव. सुई ओवायलाच पंधरा मिनिटं, दोऱ्याला थुंकी लावून लावून सगळा ओला केला. मग बटणाखाली एक आगपेटीची काडी ठेवायला लावली, काडीवरून टाके घालायचे, मग काडी काढून घ्यायची आणि जी ढिलाई उरते तिच्याभोवती दोऱ्याचे चार वेढे घालून गाठ. म्हणजे बटणाला मान तयार होते, काजात घातलं की कापड ओढलं जात नाही. त्याला हे इतकं आवडलं की त्याने माझी सगळी बटणं खेचून तपासली आणि जी सैल होती ती तोडून परत लावली. दोन चांगलीही तोडली. असो, बाबाच्या शर्टांची पाळी यायच्या आत सुई काढून घेतली.

जावेला मुलगी झाली. बारशाला कुंचीत बसून ती आख्ख्या कार्यक्रमभर झोपली, हिरव्या लुगड्यात, डोक्यावर ते टोक, सगळ्या म्हाताऱ्या बायका येऊन फक्त कापडाला हात लावून बघत होत्या, "कुठलं गं लुगडं हे" म्हणून. बाळाकडे नंतर बघितलं त्यांनी.

आणि गेल्या आठवड्यात बोहारीण परत आली. दारात मी जीन्सची पिशवी घेऊन भाजीला निघालेच होते, तिची नजर बरोब्बर बंदावर गेली. हाताने ओढून बघितली, आतली शिवण उलटवून बघितली, ती फुली नखाने खरवडून बघितली. मग म्हणाली, "ह्ये तुमीच शिवलं? मला एक द्या की अशी, गाठोडं हाताला कापतंय." मी म्हटलं देते, काय देशील? तिने पाटीतून तोच, तीन कपांचा टोप काढला. म्हटलं हा नको, तो मधला द्या. ती म्हणे मग दोन पिशव्या. मी म्हटलं दोन देते पण झाकणासकट. शेवटी दोन पिशव्या, मधला टोप, झाकणाचे वर एक जुनी बेडशीट, असं ठरलं. बंद लांब हवेत तिला, खांद्यावरून कंबरेपर्यंत, टेप आणून तिचं माप घेतलं, ४४ इंच. नवऱ्याची अजून एक जीन्स लागणार आहे, त्याला अजून सांगितलेलं नाही.